गॅस गीझर : दोष खिडकीचा नाही, जागेचा आहे



थंडी पडली की पेपरच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. बाथरूममध्ये आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडलं, आत ती निपचित पडलेली होती. मथळा असतो ‘गॅसगळतीमुळे मृत्यू’ किंवा ‘गुदमरून मृत्यू’. मग दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात, ‘गॅस गीझर वापरताना बाथरूमची खिडकी उघडी ठेवा’. आपण तो मेसेज चार ग्रुपवर पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाथरूममध्ये, त्याच गीझरखाली आंघोळ करतो.

आजचा लेख या मेसेजच्या विरोधात आहे. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि त्यामुळे सगळी जबाबदारी आंघोळ करणाऱ्यावर ढकलली जाते. खिडकी का लावली, एवढा वेळ आत का बसली, पंखा का नाही चालवला, असे प्रश्न मेलेल्या माणसालाच विचारले जातात. मुळात ते यंत्र त्या चार भिंतींच्या आत लावलं कोणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जो गॅस गीझर खोलीतली हवा घेऊन जळतो आणि जळलेली हवा त्याच खोलीत सोडतो, त्याची जागा बाथरूममध्ये नाही. खिडकी असली तरी नाही, एक्झॉस्ट पंखा असला तरी नाही, आयएसआय मार्क असला तरी नाही. का ते आता सविस्तर पाहू.

ही ‘गॅसगळती’ नाही

सर्वात आधी हा शब्द सोडायला हवा, कारण तो दिशाभूल करतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळे गळती झाली की नाकाला कळतं. बाथरूममध्ये जीव घेतो तो वायू सिलिंडरमधून येतच नाही. तो गीझरच्या बर्नरवर तयार होतो. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही.

गॅसला पुरेशी हवा मिळाली की तो पूर्ण जळतो आणि त्यातून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. म्हणजे नळी नवी आहे, रेग्युलेटर घट्ट बसलाय, साबणाचा फेस लावून पाहिलं तर एकही बुडबुडा येत नाही, तरीही माणूस मरू शकतो. ‘आम्ही गळती तपासून घेतली, काही नाही’ असं म्हणून निर्धास्त होणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. तुम्ही तपासलं ते बरोबरच केलंत, पण हा धोका त्या तपासणीत दिसतच नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात पाणी तापवायला बंब होता. त्यात लाकडं, गोवऱ्या जळायच्या. त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघायचाच. पण बंब बहुधा अंगणात किंवा मागच्या पडवीत असायचा, त्याला मधोमध धुराडं असायचं, आणि तो कोंडला की धुराने डोळ्यांतून पाणी काढायचा. धूर त्रासदायक होता, पण इशाराही देत होता. गॅसची ज्योत स्वच्छ दिसते, म्हणून आपण तिला घराच्या सगळ्यात लहान, सगळ्यात बंद खोलीत आणून बसवलं. धूर गेला आणि धुराबरोबर इशाराही गेला.

जरा हिशोब करू

‘एवढासा तर डबा आहे, तो किती हवा खाणार?’ असं अनेकांना वाटतं. चला, आकडे मांडू.

मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा साधा गीझर पूर्ण चालतो तेव्हा साधारण १२ किलोवॉट उष्णता लागते. स्वयंपाकघरातला मोठा बर्नर असतो दोन-अडीच किलोवॉटचा. म्हणजे बाथरूममध्ये पाच मोठे बर्नर एकदम पेटवून दार लावून घेतल्यासारखं हे आहे. स्वयंपाकघरात पाच शेगड्या पेटवून तुम्ही दार-खिडकी लावून बसाल का?

एवढ्या उष्णतेसाठी मिनिटाला साधारण १५ ग्रॅम एलपीजी जळतो. तो पूर्ण जळायला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते, म्हणजे त्यातला ४० लिटरच्या आसपास ऑक्सिजन. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. म्हणजेच हा डबा तुमच्या बाथरूममध्ये शंभराहून अधिक माणसांच्या वाटचा ऑक्सिजन घेतो.

आता बाथरूम पाहू. पाच फूट बाय चार फूट, उंची आठ फूट. त्यात हवा मावते साधारण ४,५०० लिटर. गीझर सलग १० मिनिटं चालला तर त्याला २,००० लिटर हवा हवी. म्हणजे बाथरूमच्या जवळजवळ निम्म्या हवेतला ऑक्सिजन दहा मिनिटांत संपतो. अर्थात कुठलंही बाथरूम डबाबंद नसतं, दाराखाली फट असते, कुठून तरी थोडी हवा येतेच. म्हणून तर रोज माणसं मरत नाहीत. पण या हिशोबात एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे तुमचं जगणं दाराखालच्या फटीवर अवलंबून आहे. आणि हिवाळ्यात गार वारा लागतो म्हणून आपण नेमकी तिथेच पायपुसणं सारतो.

ऑक्सिजन पूर्ण संपायची वाट पाहावी लागत नाही, हेही ध्यानात घ्या. हवेतला ऑक्सिजन थोडा खाली आला आणि जळलेली हवाच फिरून बर्नरकडे गेली की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. ज्योत जितकी बिघडते तितका वायू वाढतो. म्हणजे पहिली पाच मिनिटं जेवढी धोक्याची, त्याहून पुढची पाच मिनिटं कितीतरी जास्त धोक्याची.

‘आधी चौघांनी आंघोळ केली, त्यांना काही झालं नाही’

ही ओळ अशा घटनांनंतर नेहमी ऐकू येते. तिचा अर्थ लोक असा लावतात की गीझर ठीक होता आणि पाचव्या माणसालाच काहीतरी झालं, हार्ट असेल, फिट असेल. अर्थ नेमका उलटा आहे. आधीच्या चौघांनी बाथरूमची हवा वापरून टाकली होती. पाचव्याच्या वाट्याला आली ती उरलेली.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला घर रांगेत असतं. बाहेर गारठा, खिडकी बंद, उटणं लावून प्रत्येकाचं निवांत नहाणं, एक बाहेर आला की दुसरा आत. धुळवडीला दुपारी रंग निघत नाही म्हणून अर्धा अर्धा तास पाणी चालू. लग्नघरी तर पाहुण्यांची रीघच. या दिवसांत गीझर थांबतच नाही. अनेक मॉडेलमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर असतो, त्यावर लोकांचा फार भरवसा. पण तो टायमर गीझर सलग किती वेळ चालला हे मोजतो, खोलीतली हवा मोजत नाही. नळ बंद करून पुन्हा उघडला की त्याची गणती पहिल्यापासून सुरू होते. बाथरूमची हवा मात्र पहिल्यापासून सुरू होत नाही.

शरीरात काय होतं

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. एसटीत सगळ्या सीटवर कुणीतरी रुमाल टाकून ठेवावेत आणि खऱ्या प्रवाशांना जागाच मिळू नये, तसं हे. गाडी धावते, पण प्रवासी पोचत नाहीत. शिवाय जो थोडा ऑक्सिजन चढतो, तोही पेशींपर्यंत सहजी सुटत नाही.

ऑक्सिजनची सगळ्यात जास्त गरज मेंदूला आणि हृदयाला. म्हणून सुरुवात होते डोकं जड होणं, दुखणं, गरगरणं, मळमळ, छातीत धडधड यांनी. त्यानंतरची पायरी फार क्रूर आहे. विचार मंदावतात आणि पायांतलं बळ जातं. ‘काहीतरी चुकतंय, बाहेर पडावं’ हे कळायच्या आधी किंवा कळलं तरी कडीपर्यंत हात जायच्या आधी माणूस खाली बसतो. म्हणून ‘त्रास व्हायला लागला तर लगेच बाहेर या’ हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पाळायला नाही. त्यात दाराला आतून कडी, आणि बाहेरच्यांना पाण्याचा आवाज येतोय म्हणून वाटतं, सगळं ठीक आहे.

गरोदर बाई, पोटातलं बाळ, लहान मुलं, वयस्कर मंडळी, अ‍ॅनिमिया किंवा हृदयविकार असलेले यांना कमी वायूनेही जास्त इजा होते. पोटातल्या बाळाच्या रक्ताला हा वायू अधिकच घट्ट धरतो आणि उशिरा सोडतो. आई सावरली तरी बाळाची काळजी संपत नाही.

जे वाचतात त्यांचंही सगळं आलबेल असतं असं नाही. काहींना बरं वाटून घरी गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात मंदपणा, हात थरथरणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं धक्का बसलाय. प्रत्यक्षात तो मेंदूला झालेल्या इजेचा उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो.

डॉक्टरांनीही एक प्रश्न विचारायला हवा

आता थोडं आमच्या व्यवसायाबद्दल. आंघोळ करताना चक्कर आली, फिट आली, पडून डोक्याला लागलं, असं सांगत पेशंट येतो. तोपर्यंत त्याने तासभर मोकळी हवा घेतलेली असते, तो बरा दिसतो. बीपी बघतात, साखर बघतात, ईसीजी, कधी सीटी स्कॅन. सगळं नॉर्मल. मग ‘लो बीपी झालं असेल’, ‘व्हर्टिगो आहे’, ‘अ‍ॅसिडिटी डोक्यात गेली’ असं काहीतरी सांगून गोळी दिली जाते. काहींना तर फिटची गोळी काही वर्षांसाठी सुरू होते. आणि पेशंट त्याच बाथरूममध्ये परत जातो.

भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी गीझरच्या खाली होणाऱ्या या बेशुद्धी-फिट-चक्कर यांच्या समूहाला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावसुद्धा दिलं आहे. तेव्हा हे काही दुर्मीळ गुपित नाही. ‘आंघोळीचं पाणी कशावर तापवता आणि ते यंत्र कुठे बसवलंय?’ हा एक प्रश्न विचारला की निदानाची दिशा मिळते. डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

एक सापळा आवर्जून सांगतो. कोविडनंतर घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ते ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवू शकतं आणि तरी माणूस गंभीर असू शकतो. हिमोग्लोबिनला चिकटलेला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. खरं प्रमाण कळायला को-ऑक्सिमीटरवर रक्ताची तपासणी करावी लागते. तीही लवकर, कारण उशीर झाला किंवा ऑक्सिजन दिला गेला की आकडा खाली येतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ वाटू शकतो.

नेहमीचे युक्तिवाद आणि त्यांची उत्तरं

*‘आमची खिडकी कायम उघडी असते.’*
ती कुठे उघडते ते आधी बघा. बहुतेक इमारतींत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. चारी बाजूंनी भिंती, वर पत्रा किंवा टाकी, खाली पाइपांचं जंजाळ. त्यात हवा फारशी हलतच नाही. शिवाय खालच्या मजल्यावरच्या गीझरची जळलेली हवाही त्याच डक्टमधून वर येते. आणि खिडकी खरोखर मोकळ्यावर उघडत असली तरी डिसेंबरच्या पहाटे, ओल्या अंगाने, ती उघडी ठेवणारा माणूस मला दाखवा. जी सुरक्षा माणसाने रोज कुडकुडण्यावर अवलंबून आहे, ती फार दिवस टिकत नाही.

*‘एक्झॉस्ट पंखा आहे ना!’*
पंखा हवा बाहेर ढकलतो. पण तेवढीच हवा आत यायला वाट हवी. दार घट्ट, खिडकी बंद, आणि पंखा चालू अशा स्थितीत तो नुसता फिरतो. त्याहून वाईट म्हणजे गीझरला धूर बाहेर नेणारा पाइप असेल, तर जोराचा पंखा त्या पाइपातूनच हवा उलटी आत ओढू शकतो. म्हणजे बाहेर जाणारी विषारी हवा परत तुमच्या अंगावर. आणि वीज गेली तर पंखा बंद पडतो. अनेक गॅस गीझर मात्र सेलवर पेटतात, ते चालूच राहतात.

*‘आमच्या गीझरला पाइप आहे.’*
चांगलं आहे, पण तो कुठे संपतो? फॉल्स सीलिंगच्या वर संपणारा पाइप, लांबच लांब आडवा नेलेला, मधे खाली झुकलेला, तोंडाशी कबुतराने घरटं केलेला, सांधा निखळलेला पाइप म्हणजे पाइप नसल्यासारखाच. आणि आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक लहान गीझरना पाइपच नसतो. वरच्या झरोक्यातून सगळं सरळ खोलीत सुटतं.

*‘आयएसआय मार्क आहे, सेन्सर आहे.’*
एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या घरगुती गीझरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५५५८. मार्क नसलेला गीझर घेऊच नये. पण ते मानक यंत्राचं आहे, तुमच्या बाथरूमचं नाही. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी सोय वेगळी आणि हवेतला ऑक्सिजन कमी झाला तर बंद करणारा सेन्सर वेगळा. पहिली सोय असली की दुसरीही आहे असं लोक धरून चालतात. आणि अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की गीझर बाथरूमच्या आत बसवू नका, हवेशीर जागी बसवा. ती पुस्तिका खोक्यासोबत रद्दीत जाते आणि मेकॅनिक जिथे नळ जवळ पडेल तिथे भोकं पाडतो.

*‘दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही.’*
दहा वर्षांत बर्नरच्या भोकांत धूळ, कपड्यांचे तंतू, कोळ्याची जाळी साचली. वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी आणि क्षार बसले, त्यामुळे जळलेल्या हवेची वाट अरुंद झाली. खिडकीला काच बसली, बाल्कनीला सरकदार आलं. गीझर तोच असला तरी दहा वर्षांपूर्वीची परिस्थिती आता नाही. आधी काही झालं नाही म्हणून उद्याही होणार नाही, असं नाही.

*‘विजेचं बिल परवडत नाही.’*
हा मुद्दा खरा आहे आणि त्याची मी थट्टा करणार नाही. म्हणूनच मी गीझर फेकून द्या असं म्हणत नाही. फक्त बाहेर काढा, असं म्हणतोय. भिंतीपलीकडे, मोकळ्या गॅलरीत, मागच्या मोकळ्या बाजूला लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. खर्च काही फूट पाइपाचा आणि प्लंबरच्या एका दिवसाचा. एक सावधगिरी मात्र हवी. काचेने पूर्ण बंद केलेली ड्राय बाल्कनी म्हणजे मोकळी जागा नव्हे, ती दुसरी बाथरूमच आहे.

हे जमतं का? इतरांनी करून दाखवलंय

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं असेल तर ते पूर्ण सीलबंदच असावं लागतं. म्हणजे जळायला हवा बाहेरून घेणार आणि जळलेली हवा बाहेरच सोडणार, खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध नाही. घरमालकाने भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दर १२ महिन्यांनी तपासून घेणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. ‘खिडकी उघडी ठेवा’ असा बोर्ड लावून तिथल्या मालकाची सुटका होत नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? कॉलेजच्या मुलामुलींना भाड्याने दिलेल्या खोल्यांत, पेइंग गेस्टमध्ये, स्वस्त लॉजमध्ये दोन बाय दीडच्या झरोक्याच्या बाथरूममध्ये गॅस गीझर लावलेला असतो, कारण तो स्वस्त पडतो. बिल्डर बाथरूमच्या आतच गॅस गीझरसाठी पॉइंट काढून देतो. सोसायटी पार्किंगवरून तीन मीटिंगा घेते, पण कुठल्या फ्लॅटचा गीझर कुठे आहे याची यादी तिच्याकडे नसते. आणि मृत्यू झाला की नोंद होते ‘अपघाती मृत्यू’. ज्याची आधीपासून माहिती आहे, ज्याचं कारण ठाऊक आहे आणि ज्यावरचा उपाय काही फूट पाइपाचा आहे, त्याला अपघात म्हणणं मला पटत नाही.

तोपर्यंत काय तपासाल?

गीझर बाहेर काढेपर्यंत काही दिवस जातील, हे मी समजू शकतो. तोवर हे पाहा.

१. ज्योतीचा रंग. निळी आणि स्थिर हवी. पिवळी, केशरी, लवलवणारी, उंच उठणारी असेल तर गीझर आजच बंद करा.
२. काजळी. गीझरच्या वरच्या बाजूला, भिंतीवर, छताला काळा डाग म्हणजे जळणं अर्धवट होतंय.
३. पाणी बादलीत भरा. दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरून घ्या, गीझर बंद करा, काही मिनिटं हवा खेळू द्या, मग आत जा. शॉवर गॅस गीझरवर नको. मधल्या काळासाठी हा सर्वात उपयोगी नियम आहे.
४. दोन आंघोळींमध्ये अंतर. सणाच्या दिवशीसुद्धा. दार उघडं ठेवून हवा बदलू द्या.
५. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, शक्यतो दिवाळीच्या आधी, कंपनीच्या मेकॅनिककडून. बर्नर, जेट, वरची पाती आणि पाइप साफ करून घ्या. ज्योत पाहिल्याशिवाय त्याला सोडू नका.
६. पाइप गॅस आला असेल तर सिलिंडरचा गीझर तसाच जोडू नका. दोन्ही गॅसचा दाब आणि जेटचं माप वेगळं असतं. जेटचं भोक टोच्याने मोठं करून देणारा ‘कारागीर’ असेल तर त्याला नमस्कार करून निरोप द्या.
७. डिटेक्टर. गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. दुसरा घ्या, ईएन ५०२९१ मानकाचा. पण तो लावला म्हणून गीझर आत ठेवायला परवाना मिळाला, असं समजू नका.

कुणी आत बेशुद्ध सापडलं तर

दार उघडा, गीझरचा आणि सिलिंडरचा नॉब बंद करा, व्यक्तीला लगेच बाहेर मोकळ्या हवेत आणा. आत जाऊन तिथेच हलवत, पाणी मारत बसू नका, तुम्हीही पडाल. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल आणि तुम्हाला येत असेल तर छातीदाब सुरू करा.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.’ उपचार आहे १०० टक्के ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून ‘आता शुद्धीवर आलाय, घरीच झोपू दे’ असं करू नका. आणि घरातले बाकीचेही तपासून घ्या, विशेषतः त्याच दिवशी तिथे आंघोळ केलेले.

आणखी एक खूण सांगतो. घरात दोघा-तिघांना आंघोळीनंतर डोकं दुखतं, गावाला गेलं की थांबतं, हिवाळ्यात वाढतं, असं असेल तर ती मायग्रेनची साथ नसते. गीझरकडे पाहा.

शेवटी

भाडेकरू असाल तर मालकाला आज लेखी मेसेज करा, ‘गीझर बाथरूमच्या बाहेर बसवून द्या.’ मालक असाल तर भाडेकरूने मागायची वाट पाहू नका. सोसायटीच्या कमिटीत असाल तर पुढच्या मीटिंगमध्ये हा एक विषय घ्या आणि घरोघरची यादी करा. मूल शिकायला बाहेरगावी खोली घेऊन राहत असेल तर फोनवर ‘जेवलास का?’ विचारतो ना आपण, तसंच ‘तुझ्या बाथरूममधला गीझर कशावर चालतो?’ हेही विचारा, आणि फोटो मागवा.

‘खिडकी उघडी ठेवा’ हा मेसेज पुन्हा येईल. पुढे पाठवायचाच असेल तर त्याखाली एक ओळ जोडा : गीझर बाहेर काढा.

काळजी घ्या.